सोवळ्यातली पोवळी

अंदमान हे नाव ऐकताच महाराष्ट्रीय मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम तुरुंग उभा राहतो. सेल्युलर जेलच्या भिंती, तेलाचा कोलू, नारळाचा काथ्या आणि ‘काळे पाणी’ हा शब्द, ही सारी सावरकरबंधूंच्या कथेबरोबर आपल्या घराघरांत आलेली आहेत. १८५८ साली इंग्रजांनी या बेटांवर कैद्यांची वसाहत वसविली आणि १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत तो तुरुंग बांधून काढला. त्या वास्तूचे दर्शन घेणे प्रत्येक मराठी प्रवाशास कर्तव्य वाटते आणि ते योग्यच आहे. आम्हीही ते घेतले. परंतु त्याविषयी आजवर अनेक अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. ज्या पाण्यास आपल्या पूर्वजांनी भयाने व दुःखाने ‘काळे’ म्हटले, त्या पाण्यात डोके घालून पाहिले असता काय दिसते, आणि ते पाहावयास कोणत्या रीतीने जावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

फेब्रुवारीचा महिना होता. आम्ही एकंदर सात मंडळी होतो: सत्तरीला टेकलेल्या सासूबाई, यजमान, धाकटे दीर व जाऊबाई, त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, कॉलेजात शिकणारी माझी मुलगी आणि मी. पोर्ट ब्लेअर शहरात आमचा मुक्काम होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने या शहराचे नाव ‘श्रीविजयपुरम’ असे केले. तथापि बाजारात आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनेही नाव अद्याप आहेच. कोलकाता किंवा चेन्नई येथून हे शहर सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. घड्याळ मात्र येथेही मुंबईचेच चालते. हा मुलूख मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेस असल्यामुळे सूर्य तेथल्यापेक्षा ऐंशी मिनिटे आधी उगवतो. याचा परिणाम असा, की सासूबाईंचे स्नान, जप आणि चहा आटोपून त्या पायरीवर येऊन बसल्या, तेव्हा आमची तरुण मंडळी अंथरुणातच होती.

आम्हांला जावयाचे होते ते ‘जॉली बॉय’ नावाच्या बेटावर. येथे ‘बॉय’ म्हणजे मुलगा नव्हे. खलाशांना खूण म्हणून समुद्रात नांगरून ठेवतात त्या तरंगत्या पिंपाचे ते इंग्रजी नाव आहे. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर वंडूर हे गाव आहे आणि तेथून पुढे समुद्रात लहानमोठी पंधरा बेटे विखुरलेली आहेत. १९८३ साली ही बेटे व त्यांच्यामधला समुद्र मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरांचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. यांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन या दोनच बेटांवर प्रवाशांस नेतात, आणि तेही आळीपाळीने: एक खुले असेल तेव्हा दुसरे बंद, म्हणजे त्यास विसावा मिळतो. जाण्यासाठी वनखात्याचा परवाना आधीच काढून ठेवावा लागतो.

वंडूरच्या धक्क्यावर आमच्या पिशव्यांची जी झडती झाली, ती एखाद्या जकातनाक्यावरही होत नसेल. शोध चालला होता तो प्लॅस्टिकचा. पाण्याच्या बाटल्या, खाऊच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, सारे काढून ठेवावे लागले. ज्यांच्यापाशी पाण्याची सोय नव्हती त्यांना अनामत रक्कम घेऊन वापरावयाच्या बाटल्या देण्यात आल्या. परत आणून दाखविली की पैसे परत. आमच्या तरुण मंडळींच्या पिशव्या निम्म्या रिकाम्या झाल्या. सासूबाईंचा फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा पितळी डबा मात्र तपासनिसाने हसून जसाच्या तसा पुढे दिला. “आमच्या वेळचे सामान अजून कुठे कुठे चालते म्हणायचे,” एवढेच त्या बोलल्या. परंतु त्यांची मुद्रा दिवसभर प्रसन्न राहिली.

धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर मोठमोठ्या वृक्षांचे निष्पर्ण सांगाडे दृष्टीस पडतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानचा हा दक्षिणेकडील भाग साधारण एक मीटर खचला, खारे पाणी आत शिरले आणि किनाऱ्याची झाडे उभ्या उभ्या मेली. मगरींपासून सावध करणारे फलकही येथे आहेत. खाडीच्या पाण्यात राहणारी मगर समुद्रातही पोहते. म्हणून वाटाड्या सांगेल तेथेच पाण्यात उतरावे, आपल्या मनाने कोठेही उतरू नये.

लाँच सुटली आणि खारफुटीच्या रानांमधून वळणे घेत चालली. या बेटसमूहास इंग्रजीत चक्रव्यूहाचे नाव आहे, ते उगीच नव्हे. प्रत्येक वळणावर वाटावे की आता पुढे वाट नाही, आणि तोच दोन बेटांमधून नवी खिंड उघडावी. पाण्याचा रंगही पालटत होता. खाडीत शेवाळी, खिंडीत निळा, आणि बेटाच्या उथळ बाजूस हिरव्या काचेसारखा. काळा मात्र कोठेही नव्हता.

वाटेत सासूबाईंनी एक प्रश्न काढला. त्याला कारण होते. माझ्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे. गेल्या वर्षी एका ज्योतिषीबुवांनी तिच्यासाठी पोवळ्याची अंगठी करावयास सांगितले होते, आणि सासूबाईंच्या मनातून त्या कामास या वर्षी मुहूर्त लावावयाचा होता. त्यांच्या स्वतःच्या बोटातही पन्नास वर्षांपूर्वीची पोवळ्याची अंगठी आहे. तेव्हा त्यांनी विचारले, “पोवळे पोवळे म्हणतात, ते मुळात काय असते? दगड, की झाड?”

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. युरोपातील विद्वानही शेकडो वर्षे याच घोळात होते. पाण्यात फांद्यांसारखे वाढते म्हणून झाड म्हणावे, तर बाहेर काढल्यावर ते दगडासारखे टणक! अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात पेसॉनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने जिवंत पोवळी समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिली आणि ज्यास लोक फुले म्हणतात ते प्राणी होत, असे सांगितले. पॅरिसच्या पंडितांनी ते मानले नाही. पुढे वीसेक वर्षांनी त्यांना आपले मत बदलावे लागले. अंगठीतले तांबडे पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातले असते. अंदमानच्या उथळ पाण्यात बेटाला कड बांधणारी पोवळी त्याहून वेगळ्या कुळातली. परंतु दोन्हीही प्राण्यांचेच काम. मुलीने हे आजीला समजावून सांगितले तेव्हा त्यांनी एकवार आपल्या अंगठीकडे पाहिले आणि त्या गप्प बसल्या.

जॉली बॉयला धक्का नाही. धक्का बांधावयाचा तर पोवळ्यांचा खडक फोडावा लागेल. म्हणून लाँच दूर उभी राहते आणि तळाला काच बसविलेल्या लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यास नेतात. सासूबाईंसारख्या वडीलधाऱ्यांना हीच होडी उत्तम. काचेवर ओणवे होऊन पाहिले की खालचा तळ हळूहळू सरकत जातो. सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली पोवळी, मेजासारखी सपाट पसरलेली पोवळी, आणि वेटोळ्या रेषांनी भरलेले वाटोळे गोळे, ज्यांस मेंदूची उपमा देतात. सासूबाईंची उपमा निराळी होती. “अगं, ही तर कुरडई!” त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर होडीतल्या परप्रांतीय बायकांनाही कुरडई म्हणजे काय ते त्यांनी खुणांनी समजावून दिले.

खरी मौज अर्थात पाण्यात उतरण्यात आहे. त्यासाठी दोन साधने लागतात. एक, डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा. दुसरे, तोंडात धरावयाची श्वासनळी, जिला स्नॉर्केल म्हणतात. आपल्या डोळ्याची घडण हवेत पाहण्यासाठी झालेली आहे. डोळ्यास पाणी भिडले की सारे अंधुक होते. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा थर राहतो आणि दृष्टी स्वच्छ होते. मात्र वस्तू खऱ्याहून सुमारे एकतृतीयांश मोठ्या व जवळ आल्यासारख्या दिसतात. नळी हातभरही लांब नसते. लांब नळी घेऊन खोल का जाऊ नये, असे आमच्या चिरंजीव पुतण्याने विचारले. त्याचे उत्तर असे, की लांब नळीत आपण सोडलेली दूषित हवाच परत आपल्या छातीत येऊ लागते, आणि थोड्या खोलीवरही पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की श्वास ओढवत नाही. म्हणून पालथे तरंगावे, पाठ पाण्याबाहेर ठेवावी, आणि तोंडाने संथ श्वास घ्यावा.

आमच्या घरी खरी अडचण निराळीच निघाली. नळी शेकडो माणसांनी तोंडात धरलेली असणार, म्हणजे उष्टी! जाऊबाईंनी दूरदृष्टीने प्रत्येकाची नवी नळी मुंबईहून आणली होती. परंतु काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळावी, असे वाटाड्याने सांगताच त्याही क्षणभर थबकल्या. अखेर समुद्राने साऱ्यांचे उष्टे केव्हाच धुऊन नेले आहे, असा निवाडा सासूबाईंनी दिला आणि कार्य पुढे सरकले. पोशाख म्हणावा तर लांब बाह्यांचा सदरा व पायघोळ चोळणा उत्तम. त्याने मर्यादाही राहते, ऊनही लागत नाही, आणि अंगाला औषधी मलम फासून ते पाण्यात सोडण्याचे कारण उरत नाही.

पाण्यात तोंड घातले की पहिल्याने भय वाटते ते स्वतःच्याच श्वासाच्या आवाजाचे. तो कानाशी भात्यासारखा चालतो. दहा-बारा श्वासांनंतर तो आपलाच आहे हे मनाला पटते आणि मग डोळे पाहू लागतात. भोवती हळदीच्या रंगाचे, काळ्या पट्ट्यांचे मासे जोडीजोडीने फिरत होते. समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या तंतूंमध्ये नारिंगी रंगाचा विदूषक मासा घरच्यासारखा वावरत होता. त्याच्या अंगावरील बुळबुळीत लेपामुळे त्यास तो दंश बाधत नाही. मोठा पसरट शिंपला आपली निळी-जांभळी झालर उघडून बसला होता. आमची सावली पडताच त्याने ती आत ओढली. आणि सर्वत्र एक बारीक कुरकुर ऐकू येत होती. त्यात पोपटमाशांचाही वाटा होता. हे मासे चोचीसारख्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडतात, त्याबरोबर पोवळ्याचा चुनाही गिळतात, आणि त्याचे पीठ करून बाहेर टाकतात. एक मोठा पोपटमासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू करू शकतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आम्ही दशम्या खाल्ल्या, तिच्यातली बरीचशी अशाच गिरणीतून आलेली होती.

परंतु सारेच चित्र रंगाचे नव्हते. मध्ये मध्ये राखी, मोडलेल्या फांद्यांचे ढीग पडलेले होते, जणू एखाद्या ओसाड वाड्याची पडझड. ते कशाने झाले हे समजण्यास पोवळ्यांचा संसार समजून घेतला पाहिजे.

बहुतेक जातींत पोवळ्याचा एक जीव मुगाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. समुद्राच्या पाण्यातला चुना काढून तो स्वतःभोवती घर बांधतो. शेजारी त्याचाच अंश असलेला दुसरा जीव बांधतो. आणि अशी हजारो बिऱ्हाडे एका भिंतीला भिंत लावून नांदतात. वाटोळी पोवळी वर्षास जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आपण ज्यावर सहज पाय टेकू, तो गोळा आपल्या आजोबांच्याही आधीचा असू शकेल. या घरात आणखी एक आश्रित असतो. जिवाच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न करते आणि त्यातला मोठा भाग यजमानास देते. यजमान त्यास आसरा देतो. पोवळ्यांना रंग येतो तोही बहुतांशी याच सोबत्यामुळे. खरे म्हणजे आश्रित कोण आणि पोशिंदा कोण हे सांगणे कठीण.

ही सोबत उष्णतेने मोडते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तपमानाहून पाणी एखादाच अंश अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर शेवाळापासून अपायकारक द्रव्ये निर्माण होऊ लागतात आणि यजमान त्यास घराबाहेर काढतो. तापात भ्रम होऊन कर्त्या पुरुषाने घरच्या अन्नपूर्णेलाच दाराबाहेर घालवावे, तसा हा प्रकार. मग पोवळे पांढरेफटक पडते. पाणी लवकर निवले तर शेवाळ परतते आणि घर सावरते. न निवले तर उपासमारीने सारे मरते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात अशी मोठी आपत्ती आली होती, आणि २०२३ पासून साऱ्या जगातील उष्ण समुद्रांत अशी चौथी साथ पसरली. पोवळ्यांचे खडक समुद्रतळाचा एक टक्काही व्यापत नाहीत; तरी समुद्रातील सुमारे चतुर्थांश जातींचे जीव केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला असतात. घर पडले की ते सारे उघड्यावर येतात.

आमच्या वाटाड्याचे म्हणणे हिंदीत आणि थोडक्यात होते: “देखना है, छूना नहीं.” उभे राहू नये, धरू नये, माशांना खाऊ घालू नये. पोवळ्याच्या अंगावर पातळ कातडे असते. आपल्या बोटाने ते सोलवटले की तेथून रोग शिरतो.

दुपारी वाळूवर बसलो असताना पुतण्याच्या खिशातून पांढऱ्या पोवळ्याचा एक सुरेख फाटा निघाला. तो किनाऱ्यावर पडलेला, मेलेला होता. “घरी शोकेसमध्ये ठेवीन,” तो म्हणाला. वाटाड्याने त्यास समजावले, की मेलेला तुकडाही नेण्याची मनाई आहे. २००१ सालापासून कायद्याने खडक बांधणाऱ्या पोवळ्यांस वाघाच्याच पंक्तीला बसविले आहे. शिवाय मेलेल्या तुकड्यावरच नव्या पोवळ्याचे पिल्लू येऊन बसते. मुलाला ते पटेना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बाळ, सोवळ्यातले आहे ते. देवघरातल्या वस्तूला आपण पारोशाने हात लावतो का? पाहावे, नमस्कार करावा, आणि मागे सरावे. ठेव जिथले तिथे.”

मुलगा उठला, परंतु जाता जाता वळून म्हणाला, “मग आजी, तुझ्या अंगठीत आहे ते?”

आम्ही सारे स्तब्ध झालो. जाऊबाई त्यास दटावणार, तोच सासूबाईंनी हाताने थांबविले. “बरोबर विचारतो आहे तो,” त्या म्हणाल्या. “ही मला माझ्या सासूबाईंनी घातली. तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते की हे कुणाचे तरी हाडूक आहे. आता ठाऊक झाले. ही मी काढून टाकणार नाही. पण नवे पोवळे आपल्या घरात यायचे नाही. मंगळाचा जप करू, दान करू. ज्या मुलाकडच्यांना तेवढे पुरणार नाही, ते घर आपल्या मुलीला नको.” माझी मुलगी काही बोलली नाही, तिने फक्त आजीच्या फिरकीच्या तांब्यातले पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे केले. भूमध्य समुद्रातले ते तांबडे पोवळे जाडीने वर्षास मिलिमीटरभरही वाढत नाही, आणि मागणीपायी त्याचे मळेच्या मळे उजाड झाले आहेत, हे तिने नंतर मला सांगितले.

सोवळे या शब्दाने आपल्या समाजात पुष्कळ अनर्थ केला आहे. माणसाने माणसास शिवू नये असा त्याचा अर्थ जेव्हा झाला, तेव्हा तो धर्म न राहता क्रौर्य झाले, आणि त्याची लाज आपण वाहिलीच पाहिजे. परंतु ‘जे माझे नाही, जे मला घडविता येणार नाही, त्यास मी हात लावणार नाही’ हा जो त्या शब्दाचा निर्मळ गाभा, तो टाकून देण्याचे कारण नाही. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून उचलून तो समुद्राच्या कडेवर नेऊन ठेवावा. तेथे त्याची गरज आहे.

कोणी म्हणेल, मग जावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या लाँचचे इंजिन धूर सोडीतच होते आणि आमचे विमानही काही वाऱ्यावर आले नव्हते. तरी मला वाटते, न पाहिलेल्याविषयी कळवळा फार दिवस टिकत नाही. पुस्तकातले पोवळे वाचून कोणा आजीने अंगठीचा बेत रद्द केला असता, असे म्हणवत नाही. मात्र जावयाचे ते यात्रेस गेल्यासारखे एखादेच वेळी, नियम पाळून. जत्रेस गेल्यासारखे वारंवार आणि गोंगाट करीत नव्हे.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ निवडावा. पुढे पावसाळी समुद्र खवळतो आणि पाणी गढुळते. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी वैद्यास विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये. त्यांना काचेची होडी आहे. पोहता येत असो वा नसो, तरंगण्याचे जाकीट अंगावर असावे. मुलांस एकटे सोडू नये. बेटावर खाण्याचे दुकान नाही. फराळ आपला न्यावा आणि रिकामा डबा, सालपटे, सारे परत आणावे.

आणि ज्यांना एवढे दूर जाणे शक्य नाही त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यातही पोवळी आहेत; १९८७ साली तेथे मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे. महाराजांच्या तटाखाली शेकडो वर्षे आणखी एक तट कोणी बांधीत असेल, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक होते? सासूबाईंनी पुढल्या दिवाळीच्या सुटीत मालवणास जाण्याचे ठरविले आहे. काचेच्या होडीची चौकशी करून ठेवण्याचे काम पुतण्याकडे आहे.